आपलं गाणं, आपली यंत्रणा : भीमगीतांच्या स्टुडिओत लिनक्स का हवं?



एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमधल्या छोट्या स्टुडिओंना रात्रीची झोप नसते. चौदा तारखेच्या आत गाणं युट्यूबवर आलं पाहिजे म्हणून कवी, गायक, कोरसची मुलं बाहेर ताटकळत बसलेली असतात. पत्र्याची खोली, भिंतीला फोम, एक माइक, एक संगणक आणि तो चालवणारा एक मुलगा. आपली आजची भीमगीतं, रॅप आणि शाहिरी मोठ्या प्रमाणात अशा खोल्यांमधून बाहेर येते. प्रस्थापित माध्यमांनी या गाण्यांची फारशी दखल घेतली नाही, तरी ती थांबली नाहीत. याचा अभिमान वाटलाच पाहिजे.

पण एक प्रश्न आपण फारसा विचारत नाही. त्या संगणकात काय आहे?

मी ज्या भागात काम करते तिथे पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक स्टुडिओत उत्तर एकच आहे : क्रॅक केलेलं विंडोज आणि त्यावर क्रॅक केलेलं एफएल स्टुडिओ किंवा क्युबेस. कुणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिलेलं. ते कुठून आलं, आत आणखी काय घेऊन आलं, उद्या चालेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. स्वाभिमानाची गाणी आपण अशा यंत्रणेवर रचतो जी आपली नाही, जिची किल्ली आपल्याकडे नाही आणि जिच्यामुळे आपल्याच मुलांना चोर ठरवता येतं.

या मुलांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्यांचं महिन्याचं उत्पन्न अनिश्चित आहे त्यांनी हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं, असं सांगणं हा निव्वळ उच्चभ्रू उपदेश झाला. माझा मुद्दा वेगळा आहे. क्रॅक आणि खरेदी यांच्याखेरीज तिसरा रस्ता आहे. तो आंबेडकरी विचाराला जवळचा आहे आणि आपण त्यावर चालायला हवं. तो रस्ता म्हणजे लिनक्स आणि त्यावरची मुक्त सॉफ्टवेअर.

छापखान्याचा धडा

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केलं. पैसे मोजायची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. दुसऱ्याच्या छापखान्यावर, दुसऱ्याच्या मर्जीवर आपला आवाज टिकत नाही हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. म्हणूनच पुढे चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा राहिला. भारत भूषण आणि नंतर बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस ही नावं आपल्या इतिहासात आहेत. लेखणी आपली असून भागत नाही, खिळे आणि यंत्रही आपल्या ताब्यात लागतं.

गाण्याचा इतिहासही असाच वाचता येतो. सत्यशोधक जलसा आणि त्यानंतर भीमराव कर्डकांसारख्यांनी उभा केलेला आंबेडकरी जलसा यांची यंत्रणा साधी होती : माणसाचा गळा, ढोलकी, तुणतुणं, डफ आणि गॅसबत्ती. ती पूर्णपणे आपल्या हातात होती. ग्रामोफोनच्या तबकडीचा काळ आला आणि ध्वनिमुद्रण मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात गेलं. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तशी ही मक्तेदारी फुटली. पीटर मॅन्युएल या संगीत-अभ्यासकाने १९९३ साली 'कॅसेट कल्चर' या पुस्तकात उत्तर भारताबद्दल हेच दाखवलं : यंत्र स्वस्त झालं की छोटे उत्पादक आणि दुर्लक्षित भाषा-समूह बाजारात उभे राहतात. महाराष्ट्रात वामनदादांची गाणी आणि शिंदे घराण्याचे आवाज घरोघरी पोहोचले ते याच कॅसेटमुळे.

आज कॅसेटची जागा संगणकाने घेतली आहे. यंत्र स्वस्त झालं, पण त्यातली आज्ञावली मात्र परवान्याच्या कुलपात गेली. कॅसेट रेकॉर्डर विकत घेतला की तो तुमचा असायचा. आजचं सॉफ्टवेअर विकत घेतलं तरी मालकी कंपनीकडेच राहते, तुम्हाला मिळते फक्त वापरायची परवानगी. अनेक ठिकाणी तर ती दरमहा भाडं भरून टिकवावी लागते.

क्रॅकची किंमत

'फुकट मिळतंय तर काय बिघडलं?' असं मुलं विचारतात. बिघडतं ते असं.

पहिली गोष्ट कायद्याची. कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ६३ब सांगतं की बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. कमाईसाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं, पण स्टुडिओ तासावर पैसे घेतो, म्हणजे ती पळवाटही उरत नाही. रोज कुणी धाड घालत नाही हे खरं. पण व्यवस्थेविरुद्ध गाणाऱ्या माणसाला अडकवण्यासाठी गाण्यावरच गुन्हा दाखल करावा लागत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. हातात आयतं कलम का द्यायचं?

दुसरी गोष्ट सुरक्षेची. क्रॅक चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे घराचं दार उघडं ठेवून अनोळखी माणसाला आत घ्यायचं. त्याच संगणकावर संघटनेच्या याद्या, बैठकीचे फोटो आणि बँकेचे व्यवहार असतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : स्मृतीची. गाण्याची मूळ प्रोजेक्ट फाइल त्या-त्या कंपनीच्या बंदिस्त स्वरूपात साठते. संगणक बिघडला, क्रॅक चालेनासा झाला की वेगवेगळे ट्रॅक आत अडकून पडतात. अनेकदा हातात उरते ती फक्त एमपी३. उद्या त्या गाण्यातला एखाद्या शाहिराचा आवाज वेगळा काढून जपायचा म्हटलं तर अवघड जातं. ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला किंवा पुसला, त्याने आपली कागदपत्रं परक्याच्या तिजोरीत ठेवू नयेत.

आणि चौथी गोष्ट अगदी ताजी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे चांगले चालणारे जुने लॅपटॉप कंपनीच्या हिशोबात बाद. आपल्या मुलांकडे नेमके तेच लॅपटॉप आहेत, आणि लिनक्स त्यावर उत्तम चालतं.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला. दोन्ही मिळून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ती कार्यप्रणाली तयार झाली. तिचा पाया आहे जीपीएल हा परवाना. त्याचा आशय सोपा आहे : हे सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरा, आत कसं चालतं ते पाहा आणि बदला, दुसऱ्याला द्या, बदललेलंही द्या. अट एकच. तुम्ही सुधारलेली आवृत्ती दुसऱ्याला दिलीत तर हीच मोकळीक त्यालाही द्यायची. सामाईक गोष्ट कुणाला कुंपण घालून खासगी करता येऊ नये, यासाठी ही तजवीज आहे.

इथे आपल्याला महाड आठवलं पाहिजे. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसांना ते पाणी पिता आलं नाही. बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यापर्यंत चालत गेले तेव्हा कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आला.

मुक्त सॉफ्टवेअरचं आज तसंच आहे. परवान्यात कुणालाही मज्जाव नाही. पण संगणक, इंटरनेट, इंग्रजी आणि मोकळा वेळ ज्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे, तेच या तळ्याच्या काठी बसलेले दिसतात. भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या सभा-संमेलनांत व्यासपीठावरची आडनावं वाचली तरी चित्र कळतं. 'कोडला जात नसते' असं ही मंडळी म्हणतात. कोडला नसेल, पण कोड शिकण्याच्या संधीला जात आहे. त्यामुळे या चळवळीकडे भक्तिभावाने पाहायचं कारण नाही. तिच्या संस्थापकांचीही पूजा नको. स्टॉलमन यांना त्यांच्या वक्तव्यांवरील टीकेनंतर २०१९ साली आपलं पद सोडावं लागलं होतं, हेही लक्षात ठेवू. आपल्याला व्यक्ती नको, तत्त्व आणि साधन हवं. आणि तळं आपलंही आहे म्हणून तिथपर्यंत चालत जायला हवं.

काम होतं का?

विचार पटला तरी स्टुडिओवाला विचारणार, 'ताई, यावर गाणं होतं का?' रास्त प्रश्न आहे. उत्तर : होतं, काही मर्यादांसह.

उबुंटू स्टुडिओ ही २००७ पासून निघणारी, संगीत आणि दृश्यकलेसाठीच बांधलेली लिनक्सची आवृत्ती आहे. पेनड्राइव्हवर घालून, जुनं काही न पुसता आधी चालवून पाहता येते. तिच्यात आर्डर हे मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगचं सॉफ्टवेअर येतं. पॉल डेव्हिस आणि त्यांचे सहकारी ते वीस वर्षांहून अधिक काळ बांधत आहेत. तालासाठी हायड्रोजन, कीबोर्डच्या स्वरांसाठी झिनअॅडसबएफएक्स किंवा सर्ज, बीट रचायला एलएमएमएस, साध्या संपादनासाठी ऑडॅसिटी. इक्यू, कंप्रेसर, रिव्हर्ब यांसाठी काल्फ आणि एलएसपी हे प्लगइनचे संच आहेत. या सगळ्याला परवान्याचा खर्च शून्य.

गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला की ताल सुटतो. या उशिराला लेटन्सी म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर बफर १०२४ ठेवला तर तेवढ्यानेच सुमारे २१ मिलिसेकंद जातात, २५६ वर आणला तर पाचच्या आसपास. इतका लहान बफर न अडखळता चालायचा तर कार्यप्रणालीने ध्वनीचं काम वेळेवरच केलं पाहिजे. पूर्वी लिनक्सवर यासाठी वेगळा रिअल-टाइम कर्नल लावावा लागे आणि जॅक नावाची ध्वनियंत्रणा हाताने जुळवावी लागे. आता पाइपवायर ही नवी ध्वनियंत्रणा बरंचसं काम आपणहून करते. २०२३ च्या नोव्हेंबरात तिची पहिली पूर्ण आवृत्ती आली. रिअल-टाइमची सोय तर २०२४ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्येच सामील झाली. दहा वर्षांपूर्वी कुणी लिनक्स लावून वैतागून काढून टाकलं असेल, त्याने पुन्हा एकदा पाहावं.

आता मर्यादा. एफएल स्टुडिओ, क्युबेस, प्रो टूल्स थेट लिनक्सवर चालत नाहीत. विंडोजचे प्लगइन याब्रिजसारख्या साधनाने चालवता येतात, पण सगळे नाहीत. यूएसबीचा 'क्लास कम्प्लायंट' ऑडिओ इंटरफेस बहुधा लावताच चालतो, पण विकत घेण्याआधी खात्री करावी लागते. ज्याचा हात दहा वर्षं एफएलवर बसला आहे त्याला सुरुवातीचे काही महिने जड जातील. एप्रिलच्या तोंडावर बदल करू नका, ऐन हंगामात धंदा बुडेल. पावसाळ्यात, काम कमी असताना शिका. विंडोज ठेवून त्याच संगणकावर लिनक्सही ठेवता येतं. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला तत्त्वासाठी उपाशी ठेवण्याचा अधिकार मला नाही. म्हणूनच हा बदल एकट्या स्टुडिओवाल्यावर न टाकता संघटनांनी उचलावा असं माझं म्हणणं आहे.

खोलीची किल्ली कुणाकडे?

'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये बाबासाहेबांनी मांडलं की जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. स्टुडिओच्या खोलीत ती दिसते. गाणारा वेगळा, वाजवणारा वेगळा, आणि यंत्रासमोर बसणारा वेगळा. शेवटचा निर्णय यंत्रासमोरच्याचा. गाण्यातला कोणता शब्द वर येणार आणि कोणता वाद्याखाली दबणार हे तोच ठरवतो.

यात मुलींचं काय होतं ते पाहा. आपल्याकडे गाणाऱ्या मुली भरपूर आहेत, ध्वनिमुद्रण करणाऱ्या अगदी थोड्या. रेकॉर्डिंग रात्री, खोली परक्याची, आत सगळे पुरुष. घरचे पाठवत नाहीत, आणि त्यांची काळजी अगदीच निराधार असते असंही नाही. जुना लॅपटॉप, साधा इंटरफेस आणि मुक्त सॉफ्टवेअर असेल तर विहारातल्या खोलीत, दिवसा, चार मुली मिळून स्वतःचं गाणं मुद्रित करू शकतात. यंत्रासमोरची खुर्ची मुलीकडे आली की गाण्याचा विषयही बदलेल. सावित्रीमाई आणि रमाई यांच्यावर किती काळ पुरुषांनीच लिहायचं?

हलगीचा आवाज कुणाचा?

लिनक्सवरची एक उणीव आपल्याला लगेच जाणवते. ड्रमचे, गिटारचे, पियानोचे नमुने भरपूर आहेत. आपली ढोलकी, हलगी, संबळ, दिमडी शोधायला जावं तर हाती फारसं काही लागत नाही. व्यावसायिक कंपन्या 'भारतीय तालवाद्यं' म्हणून नमुन्यांचे संच विकतात. त्यात वाद्य असतं, वाजवणाऱ्याची जात आणि इतिहास नसतो, आणि बहुतेक वेळा त्याचं नावही नसतं.

हलगीचा इतिहास साधा नाही. गावगाड्यात ती वाजवणं हे आपल्यावर आणि मातंग बांधवांवर लादलेलं काम होतं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी अनेक गावांत ती खाली ठेवली, मेलेली ढोरं ओढणं सोडलं. तो नकार क्रांतिकारक होता. पण त्याच चामड्याचा आवाज आज चित्रपटाच्या गाण्यात 'रांगडा ठेका' म्हणून कोटींची कमाई करतो, तेव्हा प्रश्न उलटा उभा राहतो. जे हुकमाने वाजवायला नकार दिला, ते स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अटींवर जगापुढे मांडायला काय हरकत आहे?

म्हणून प्रस्ताव असा की आपण आपल्या वाद्यांचे नमुने स्वतः मुद्रित करावेत. एका वादकाला एक दिवस बोलवा, त्याला त्या दिवसाचं योग्य मानधन द्या, प्रत्येक बोल हळू-जोरात मुद्रित करा, वादकाचं नाव आणि गाव संचावर लिहा, आणि हे सारं एसएफझेडसारख्या मोकळ्या स्वरूपात ठेवा.

इथे कुणी म्हणेल, 'मोकळं ठेवलं की बॉलीवूडवाले उचलून नेतील.' हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. ज्यांचं सगळं पिढ्यान् पिढ्या फुकट नेलं गेलं, त्यांना 'सगळं खुलं करा' असं सांगणं ही क्रूर थट्टा होऊ शकते. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवू. अवजार मुक्त असावं, आणि गाण्याचा हक्क कलावंताकडे असावा. मुक्त सॉफ्टवेअरवर केलेलं गाणं आपोआप मुक्त होत नाही, ते तुमचंच राहतं. नमुन्यांच्या संचालाही नाव देण्याची सक्ती करणारा किंवा व्यापारी वापराला मनाई करणारा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना लावता येतो. त्याचा निर्णय वादकाला विचारूनच व्हावा.

आपल्या कवींनी कायदाही वाचावा. २०१२ च्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी एवढाच अपवाद आहे. शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. किती कवींच्या घरच्यांना हे माहीत आहे?

आता काय करायचं

मोठा निधी, मोठी संस्था यांची वाट पाहू नका. एका विहारात एक संगणक एवढ्यापासून सुरुवात करा.

कुणाच्या घरी पडून असलेला, आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप मागून घ्या. त्यावर उबुंटू स्टुडिओ टाका. पहिलं काम म्हणून नवं गाणं करू नका. वस्तीतल्या जुन्या कॅसेट गोळा करा आणि ऑडॅसिटीमध्ये उतरवून फ्लॅक या मोकळ्या स्वरूपात जपा. एमपी३ मध्ये आवाजाचा काही भाग कायमचा जातो, फ्लॅकमध्ये जात नाही. कॅसेटची फीत दरवर्षी खराब होते आहे, हे काम थांबणारं नाही. ते करता करता यंत्रणेची भीतीही जाईल.

मग शिकवणं. बहुतेक शिक्षणसाहित्य इंग्रजीत आहे ही खरी भिंत आहे. जो एक गोष्ट शिकेल त्याने ती मराठीत, आपल्या बोलीत, दहा मिनिटांच्या व्हिडिओत सांगावी. केरळच्या सरकारी शाळांनी वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर मुलं शिकवून दाखवली, मल्याळममधून. मग आपल्याला मराठीतून का जमू नये?

आणि प्रत्येक गाण्याचे सुटे ट्रॅक साध्या वेव्ह किंवा फ्लॅक फाइलमध्ये, कवी-गायक-वादकांची नावं लिहून, किमान दोन ठिकाणी ठेवा. सॉफ्टवेअर कोणतंही वापरत असाल तरी हे आजच सुरू करता येईल.

लिनक्स लावल्याने जात संपणार नाही, आणि वाईट गाणं चांगलंही होणार नाही. पण चळवळीला छापखाना लागतो हे ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं, त्यांचे वारस म्हणवून घेताना आपल्या काळाचा छापखाना कुणाच्या मालकीचा आहे, हे तरी विचारायला हवं. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत आपापल्या विहारात एक संगणक, पाच शिकलेली मुलं-मुली आणि उतरवलेल्या दहा कॅसेट एवढं जरी झालं, तरी पुढच्या एप्रिलचं गाणं आपल्या मालकीच्या यंत्रावर होईल.

जयभीम. नमो बुद्धाय.